एन्झाइम अडवलं, हे सिद्ध करताना

पीएच.डी.चे पहिले अडीच महिने मी एकच औषध मोजत होते: मेथोट्रेक्सेट. सत्तर वर्षांहून जुनं, जगभर रोज वापरलं जाणारं औषध. माझा विषय वेगळाच होता. कर्करोगाच्या पेशी साखर ज्या वाटेनं वापरतात, त्या वाटेवरचं लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे एन्झाइम अडवणारी नवी संयुगं तपासायची, असा प्रकल्प होता. संयुगांच्या कुप्या फ्रीजरमध्ये येऊन पडल्या होत्या आणि मला त्यांना हात लावायची परवानगी नव्हती. "आधी ज्याचं उत्तर ठाऊक आहे ते मोजून दाखव," माझ्या मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या. "तो आकडा बरोबर आला, की अनोळखी संयुगाबद्दल तू काय सांगतेस ते मी ऐकेन."

तेव्हा मला हा वेळेचा अपव्यय वाटला. आता प्रयोगशाळेत कुणी नवीन आलं की मीही त्याच्या हातात आधी मेथोट्रेक्सेटच देते.

शाळेत आपण एन्झाइमला विकर म्हणतो आणि त्यासोबत कुलूप-किल्लीचं चित्र काढतो. माझ्या डोक्यातही तेच चित्र होतं. औषध म्हणजे कुलपात अडकून बसलेली चुकीची किल्ली, आणि किल्ली अडकली की पेशी मेली. त्या अडीच महिन्यांत आणि पुढच्या दोन वर्षांत या चित्रातला एकेक भाग मला नव्यानं काढावा लागला. 'औषध एन्झाइमला अडवतं' हे वाक्य आपण सहज लिहून जातो, पण नळीत अडवणं, पेशीत अडवणं आणि त्या अडवण्यामुळेच पेशी थांबणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा पुरावा वेगळा द्यावा लागतो.

मेथोट्रेक्सेट जे एन्झाइम धरतं त्याचं नाव डायहायड्रोफोलेट रिडक्टेज. पेशीला डीएनए बनवायचा तर त्याचा एक घटक, थायमिन, लागतं, आणि थायमिन घडवताना एका कार्बनची भर घालावी लागते. तो कार्बन फोलेट हे जीवनसत्त्व वाहून आणतं. भर घालून झाली की फोलेट डायहायड्रोफोलेटच्या रूपात उरतं आणि तसंच राहिलं तर पुढच्या खेपेला निरुपयोगी ठरतं. त्याला पुन्हा कामाच्या रूपात आणणं हे या एन्झाइमचं काम. शांत पेशीत हे चक्र संथ फिरतं, तर भराभर विभागणाऱ्या पेशीत ते अखंड फिरत असतं. ते थांबलं की थोड्याच वेळात सगळं फोलेट डायहायड्रोफोलेट होऊन साचतं आणि डीएनए बनणं बंद पडतं. तोंडाच्या आतलं अस्तर आणि अस्थिमज्जा यांच्या पेशीही भराभर विभागतात, म्हणून मेथोट्रेक्सेटचा मार त्यांनाही बसतो.

मोजता मोजता मी या औषधाचा इतिहास वाचत गेले. १९२८ साली ल्यूसी विल्स या ब्रिटिश डॉक्टर मुंबईत आल्या त्या गिरणी कामगारांमधल्या गरोदर बायकांचा रक्तक्षय अभ्यासायला. यीस्टच्या अर्कानं तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला कामाचा घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला. मग १९४७-४८ मध्ये बोस्टनला सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना फोलेटसारखा दिसणारा पण फोलेटचं काम बिघडवणारा रेणू दिला, अमिनोप्टेरिन. तो येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूनं बनवला होता. सोळा मुलांपैकी दहा मुलांत सुधारणा दिसली. ती टिकली नाही, पण तोवर या आजारात औषधानं असं काही घडतं हेच कुणी पाहिलं नव्हतं. मेथोट्रेक्सेट हे या अमिनोप्टेरिनचं सख्खं भावंड, फक्त एका मिथाइल गटाचा फरक. हे औषध नेमकं कोणत्या एन्झाइमला धरतं, ते कळायला मात्र आणखी दहा वर्षं जावी लागली. मुलांत सुधारणा आधी दिसली आणि कारण नंतर सापडलं, हा क्रम माझ्या मनात कायमचा बसला आहे.

प्रयोग दिसायला साधा आहे. हे एन्झाइम काम करताना एनएडीपीएच हा मदतनीस रेणू खर्च करतं. एनएडीपीएच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषतो, खर्च झालेला शोषत नाही. क्युव्हेटमध्ये, म्हणजे प्रकाश आरपार जाणाऱ्या छोट्या चौकोनी नळीत, बफर, एनएडीपीएच आणि एन्झाइम घालायचं, शेवटी डायहायड्रोफोलेट सोडायचं आणि पडद्यावर रेघ उतरताना बघायची. उतार जितका तीव्र, तितकं एन्झाइम वेगात. औषध घातलं की उतार मंदावतो. ज्या मात्रेला वेग निम्म्यावर येतो तो आकडा म्हणजे आयसी-५०. प्रत्यक्षात डायहायड्रोफोलेट हवेनं खराब होतं, म्हणून ते बर्फावर आणि अंधारात जपावं लागतं, आणि सकाळचं द्रावण संध्याकाळी वापरलं की उतार फसवतो. पहिले तीन आठवडे यातच गेले.

मग आकडे जमायला लागले आणि नवी अडचण उभी राहिली. एका दिवशी आयसी-५० दहा नॅनोमोलर आला. एन्झाइम संपत आलं होतं म्हणून दुसऱ्या दिवशी मी ते निम्मं वापरलं, तर आयसी-५० पाच आला. औषध तेच, बफर तोच. मला वाटलं, पिपेट बिघडलं असणार. तराजूवर पाण्याचे थेंब तोलून पाहिले. शंभर मायक्रोलिटर पाण्याचं वजन शंभर मिलिग्रॅम भरायला हवं आणि ते बरोबर भरत होतं. पुन्हा प्रयोग लावला. पुन्हा पाच. तिसऱ्यांदाही पाच.

वही घेऊन मॅडमकडे गेले तेव्हा मी रडकुंडीला आले होते. त्यांनी आकडे बघितले आणि विचारलं, "क्युव्हेटमध्ये एन्झाइम किती आहे?"

"पहिल्या दिवशी वीस नॅनोमोलर. काल दहा."

"मग निम्मं एन्झाइम अडवायला औषधाचे कमीत कमी किती रेणू लागतील?"

वीसचे निम्मे दहा, दहाचे निम्मे पाच. मेथोट्रेक्सेट या एन्झाइमला इतकं घट्ट धरतं की जेवढे रेणू आत जातात तेवढे जवळपास सगळेच एकेका एन्झाइमला चिकटतात. मी औषधाची ताकद मोजतच नव्हते. मी माझ्याच एन्झाइमचे रेणू मोजत होते. औषधाची खरी पकड पिकोमोलरच्या घरात आहे, म्हणजे माझ्या आकड्याच्या कितीतरी खाली, आणि ती काढायला साधा आलेख चालत नाही, अशा घट्ट पकडीसाठीचं मॉरिसनचं समीकरण लावावं लागतं. त्या रात्री मी सगळे जुने आकडे त्या समीकरणात घातले. दोन्ही दिवसांचे आलेख एकाच पकडीवर येऊन बसले.

इतकी घट्ट पकड येते कुठून, हे बघायला मी एन्झाइमची स्फटिकरचना, म्हणजे त्याच्या अणूंचा त्रिमितीय नकाशा, उघडली. कागदावर मेथोट्रेक्सेट आणि फोलेट जवळपास सारखे दिसतात. एका जागी ऑक्सिजनऐवजी अमिनो गट आणि दुसऱ्या जागी ते एक मिथाइल, एवढाच फरक. म्हणून मी संगणकावर एकावर एक ठेवून पाहिले, आणि जुळेनात. शेपटीकडचा भाग जुळतो, पण डोकं जुळत नाही. मग लक्षात आलं की एन्झाइमच्या खोबणीत मेथोट्रेक्सेटचं दुहेरी कड्याचं डोकं फोलेटच्या तुलनेत पूर्ण उलटं फिरलेलं असतं, १८० अंशांत. त्या एका अमिनो गटामुळे कड्यावर धन प्रभार येतो आणि खोबणीच्या तळाशी असलेल्या ऋण प्रभाराच्या अमिनो आम्लाला ते कडं उलटं होऊन घट्ट मिठी मारतं. माझ्या कुलूप-किल्लीच्या चित्रात किल्ली उलटी घातल्यावर अधिक घट्ट बसेल, अशी शक्यताच नव्हती. त्या दिवशी पडद्यावर तो रेणू मी किती वेळ फिरवत बसले होते, ते आठवत नाही.

अडीच महिन्यांनी फ्रीजरची किल्ली मिळाली.

आता माझं एन्झाइम. १९२० च्या दशकात ऑटो वारबुर्ग यांनी दाखवलं की ट्यूमरच्या पेशी प्राणवायू उपलब्ध असतानाही ग्लुकोजचं लॅक्टेट करतात. ऊर्जेच्या हिशेबात हा उधळेपणा वाटतो, कारण ग्लुकोजच्या एका रेणूतून या मार्गानं एटीपीचे दोनच रेणू हाती लागतात आणि मायटोकॉन्ड्रियाच्या मार्गानं तीसच्या आसपास. पण वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा मालही हवा असतो आणि ग्लुकोजची वाट वेगानं वाहती ठेवली तर तो मिळतो. त्या वाटेवर एनएडी या मदतनीस रेणूचं एनएडीएच होतं, आणि वाट वाहती राहायची तर एनएडीएचचं पुन्हा एनएडी व्हायला हवं. लॅक्टेट डिहायड्रोजिनेज नेमकं हेच करतं: पायरुव्हेटचं लॅक्टेट आणि एनएडीएचचं एनएडी. हे अडवलं तर वाट तुंबेल, असा आमचा तर्क होता. मोजायची पद्धत तीच, ३४० नॅनोमीटरवर उतरणारी रेघ, फक्त आता ९६ वेलच्या, म्हणजे ९६ छोट्या खळग्यांच्या, प्लेटमध्ये.

पहिल्या आठवड्यात एक संयुग असं निघालं की रेघ आडवीच पडली. मी फोन करून सीनियरला बोलावलं. त्यानं आलेख पाहिला आणि विचारलं, "डिटर्जंट घातलंस?" नव्हतं घातलं. दुसऱ्या दिवशी तोच प्रयोग ०.०१ टक्का ट्रायटन हे डिटर्जंट घालून केला आणि सगळा परिणाम नाहीसा झाला. काही संयुगं पाण्यात एकत्र येऊन सूक्ष्म गोळे करतात, एन्झाइम त्या गोळ्यांच्या पृष्ठभागावर चिकटून बसतं आणि आपल्याला वाटतं ते अडवलं गेलं. डिटर्जंटनं गोळे विरघळतात आणि एन्झाइम पुन्हा कामाला लागतं. ते संयुग बाद. दुसरं एक संयुग स्वतःच ३४० नॅनोमीटरचा प्रकाश शोषत होतं. तेही बाद.

टिकलं ते एकच, वहीत त्याचं नाव १७ नंबर. ट्रायटन घालूनही त्याचा आयसी-५० सुमारे ०.२ मायक्रोमोलर. एन्झाइम निम्मं केलं तरी आकडा हलला नाही, आणि हे तपासायचं मला मेथोट्रेक्सेटनंच शिकवलं होतं. मग ते नेमकं कुणाची जागा घेतं हे बघितलं. या एन्झाइममध्ये आधी एनएडीएच बसतो, मग पायरुव्हेट. पायरुव्हेट वाढवलं तर १७ नंबरला फरक पडेना. एनएडीएच वाढवला की त्याचा परिणाम कमी होत जाई. म्हणजे त्याची झटापट एनएडीएचशी होती.

हे समजल्यावर मी खूश झाले, पण मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला तो मला आजही महत्त्वाचा वाटतो. "पेशीत हे एन्झाइम अडलं की एनएडीएचचं काय होईल?" साचेल. आणि साचलेला एनएडीएच १७ नंबरला जागेवरून ढकलेल. नळीत दोघांचं प्रमाण मी ठरवते. पेशीत, औषध जितकं चांगलं काम करतं तितका त्याचा प्रतिस्पर्धी वाढतो. मेथोट्रेक्सेटपुढेही हीच परिस्थिती असते, डायहायड्रोफोलेट साचतच असतं. पण त्याची पकड पिकोमोलरची आहे आणि शिवाय पेशी स्वतःच त्याला ग्लुटामेटची शेपटी जोडते, त्यामुळे त्याला बाहेर पडता येत नाही. १७ नंबरकडे यातलं काहीच नव्हतं.

पेशींच्या कामाला लागले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण खरंच काहीतरी बघतोय. आमच्या पेशी स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या. त्यांच्या मीडियममध्ये, म्हणजे त्या ज्या पोषक द्रवात वाढतात त्यात, फिनॉल रेड हा दर्शक रंग असतो. ताज्या मीडियमचा रंग तांबडा-गुलाबी असतो, आणि पेशी आम्ल सोडत गेल्या की सामू उतरतो, मीडियम नारिंगी होतं, मग पिवळं. औषध घालून अठ्ठेचाळीस तासांनी सकाळी इनक्युबेटर उघडला. वरच्या दोन ओळी, औषधाशिवाय नुसतं डीएमएसओ हे द्रावक घातलेल्या, लिंबासारख्या पिवळ्या. खाली मात्रा वाढत जाते तशी नारिंगी, मग फिकट गुलाबी. शेवटची ओळ दोन दिवसांपूर्वी भरली तेव्हा होती तशीच. एकही यंत्र न लावता, नुसत्या डोळ्यांनी दिसत होतं की लॅक्टेट बाहेर येणं थांबलं आहे. प्लेट हातात धरून मी किती तरी वेळ तिथेच उभी होते.

पण गुलाबी रंगाची दोन कारणं असू शकतात. एक, लॅक्टेट बनणं अडलं. दोन, पेशीच मेल्या आणि आम्ल करायला कुणी उरलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर दहा मायक्रोमोलरच्या ओळीत पेशी तळाला चिकटून, व्यवस्थित पसरलेल्या, जिवंत. फक्त संख्येनं कमी. चाळीस मायक्रोमोलरला मात्र गोल होऊन सुटलेल्या, तरंगत्या. लॅक्टेट मोजलं, ते दहाला चौथाईवर आलं होतं. नळीत ०.२ मायक्रोमोलरला होणारं काम पेशीत दहाला होत होतं, पन्नासपट जास्त. यातला काही वाटा साचलेल्या एनएडीएचचा. काही वाटा मीडियममधल्या सीरमचा, कारण औषध त्यातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहतं आणि तेवढं पेशीपर्यंत पोचतच नाही. आणि बराच वाटा १७ नंबरवरच्या आम्ल गटाचा, कारण प्रभार असलेला रेणू पेशीच्या पटलातून सहज शिरत नाही.

चाळीस मायक्रोमोलरचा आलेख फार सुंदर होता. पेशींची वाढ एका सरळ उतारावर शून्याला जात होती. मी तो विभागाच्या सेमिनारमध्ये दाखवला आणि खाली लिहिलं: लॅक्टेट डिहायड्रोजिनेज अडवल्यानं कर्कपेशी मरतात.

मागच्या रांगेतून प्रश्न आला, "त्या याच कारणानं मेल्या, कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत असतं. मेथोट्रेक्सेटनं मरणाऱ्या पेशींना ल्युकोव्होरिन द्या. ते फोलेटचं तयार रूप आहे, त्याला अडलेल्या एन्झाइमची गरज पडत नाही, आणि पेशी वाचतात. म्हणजे मरण त्याच वाटेनं आलं होतं, हे सिद्ध होतं. आणि हाच तर्क रुग्णाच्या खाटेशीही चालतो: मेथोट्रेक्सेटची मोठी मात्रा दिल्यावर ठरलेल्या वेळी ल्युकोव्होरिन सुरू करतात आणि रक्तातली औषधाची पातळी पुरेशी उतरेपर्यंत ते देत राहतात, निरोगी पेशी सावराव्यात म्हणून. पेशी मारणं अवघड नाही, कुठलंही संयुग पुरेसं ओतलं की ती मरते. ठरावीक एन्झाइम अडल्यामुळेच मेली, हे पेशीला वाचवून दाखवल्याशिवाय कळत नाही. सेमिनारहून परतताना मला एवढंच कळलं होतं की माझ्याकडे ल्युकोव्होरिनसारखं काही नाही.

त्याच सेमिनारमध्ये कुणीतरी विचारलं होतं की चयापचयाची एन्झाइमं अडवून अलीकडे खरं यश कुणाला मिळालं. मी आयडीएचचं उदाहरण दिलं. काही रुग्णांच्या रक्ताच्या आणि मेंदूच्या कर्करोगात आयसोसायट्रेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइमचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं आणि त्यामुळे ते एक नवाच पदार्थ बनवू लागतं, २-हायड्रॉक्सिग्लुटारेट. हे २००९ मध्ये उलगडलं. या पदार्थामुळे डीएनएवरच्या मिथाइल खुणा पुसणारी एन्झाइमं थंडावतात आणि पेशी अपरिपक्व अवस्थेत अडकते. एनासिडेनिब २०१७ मध्ये, आयव्होसिडेनिब २०१८ मध्ये आणि मेंदूच्या ट्यूमरसाठी व्होरासिडेनिब २०२४ मध्ये अमेरिकेत मान्य झालं. ही औषधं रक्ताच्या कर्करोगात पेशीला थेट मारत नाहीत, तिला प्रौढ होऊ देतात. आणि बिघडलेलं एन्झाइम निरोगी पेशीत नसतंच, म्हणून तिथे फारसं काही मोडत नाही. माझं एन्झाइम तसं नाही, ते शरीरभर आहे.

दुसरं उदाहरण मला जास्त लागतं. टेलाग्लेनास्टॅट हे औषध ग्लुटामिनेज हे ग्लुटामिन वापरणारं एन्झाइम अडवतं आणि डिशमधल्या अनेक कर्कपेशी त्यानं थांबतात. मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत ते दुसऱ्या औषधाच्या जोडीनं देऊनही आजार आटोक्यात राहण्याचा काळ लांबला नाही. २०१७ मध्येच एका शोधनिबंधात दिसलं होतं की डिशमधल्या पेशींना ग्लुटामिनेजची एवढी गरज पडते त्यामागे मीडियममधलं मुबलक सिस्टीन हेही एक कारण आहे. पेशीला काय हवं, ते आपण तिला काय खाऊ घालतो त्यावर ठरतं. ते वाचून मी आमच्या मीडियमच्या बाटलीवरचं लेबल पहिल्यांदा नीट वाचलं: ग्लुकोज २५ मिलिमोलर. रक्तात ते पाचच्या आसपास असतं. त्यानंतरचे सगळे प्रयोग मी पाच मिलिमोलरमध्ये पुन्हा केले. चार महिने गेले आणि ते जायलाच हवे होते.

सेमिनारच्या प्रश्नाचं उत्तर अखेर क्रिस्पर या जनुकं कापायच्या तंत्रानं दिलं. ज्या पेशींमधून लॅक्टेट डिहायड्रोजिनेजची ए आणि बी ही दोन्ही जनुकं काढून टाकली आहेत अशा पेशी आम्ही मिळवल्या. त्या जगतात, सावकाश वाढतात, मायटोकॉन्ड्रियावर भागवतात. त्यांचं मीडियम आठवडाभर गुलाबीच राहतं. त्यांच्यात हे एन्झाइमच नाही, तर १७ नंबरनं त्यांना काहीही व्हायला नको.

दहा मायक्रोमोलरला काही झालं नाही. चाळीसला सगळ्या मेल्या.

म्हणजे माझा तो सुंदर आलेख खोटा नव्हता, पण त्याखालचं वाक्य खोटं होतं. चाळीसला १७ नंबर दुसरंच काहीतरी बिघडवत होतं. खरा परिणाम दहा मायक्रोमोलरपर्यंतचा: लॅक्टेट उतरतं, वाढ मंदावते, पेशी मरत नाही. वाट तुंबली की ती दुसऱ्या वाटेनं जाते, प्राणवायू वापरायला लागते. मी मॅडमना मेल लिहिला आणि सेमिनारमधलं वाक्य मागे घेतलं. पुढच्या बैठकीत तो आलेख पुन्हा दाखवून सगळ्यांसमोर तसं सांगितलं.

मग दुसरी वाट बंद करून पाहिलं. फेनफॉर्मिन मायटोकॉन्ड्रियाच्या पहिल्या संकुलाला अडवतं. साध्या पेशींना नुसतं फेनफॉर्मिन दिलं तर मीडियम नेहमीपेक्षा लवकर पिवळं पडलं, कारण आता सगळा भार ग्लुकोजच्या वाटेवर होता. फेनफॉर्मिनसोबत दहा मायक्रोमोलर १७ नंबर दिलं, तर दोन दिवसांत तळ रिकामा. जनुकं काढलेल्या पेशी मात्र नुसत्या फेनफॉर्मिननंच मेल्या, आणि १७ नंबर घातल्यानं त्यात काडीचाही फरक पडला नाही. हा पुरावा मला हवा होता. एन्झाइम काढून टाकणं आणि ते औषधानं अडवणं यांचा परिणाम एकसारखा येत होता, आणि एन्झाइम नसताना औषधाला करण्यासारखं काही उरत नव्हतं. त्या तीन प्लेट मी एका रांगेत ठेवून फोटो काढला. प्रबंधात त्याखाली दोनच ओळी लिहिल्या आहेत.

उरला प्रश्न निरोगी पेशींचा. तांबड्या रक्तपेशींमध्ये मायटोकॉन्ड्रिया नसतात. त्यांची सगळी ऊर्जा ग्लुकोजच्या याच वाटेनं येते, दुसरी वाटच नाही. कर्कपेशीला आम्ही दोन कोंडीत पकडत होतो. ही पेशी आधीपासूनच एका वाटेवर जगते. गेल्या महिन्यात मी धुतलेल्या रक्तपेशी वेगवेगळ्या मात्रांच्या १७ नंबरमध्ये ठेवल्या, दोन दिवसांनी सेंट्रिफ्यूज केल्या आणि नळ्या उजेडासमोर धरल्या. पेशी शाबूत असतील तर त्या तळाशी बसतात आणि वरचा द्रव पाण्यासारखा राहतो. फुटल्या असतील तर हिमोग्लोबिन वर येतं.

डीएमएसओची नळी स्वच्छ. एक मायक्रोमोलर स्वच्छ. तीनची स्वच्छ. दहाच्या नळीत वरचा द्रव किंचित गुलाबी. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसाच. आम्ल गट बदललेल्या सहा नव्या रूपांच्या कुप्या सोमवारी आल्या आहेत, आणि या वेळी पहिली प्लेट रक्तपेशींची लावायची असं ठरलं आहे.